सांडपाणी पडायचं तिथेच पोरं पोहायची, तरी आजारी पडायची नाहीत. यातूनच सापडलं टायफॉईडवरचं इंजेक्शन

पावसाळा लागला की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या दवाखान्यांबाहेरची गर्दी वाढते.

चार दिवस झाले ताप उतरत नाही, तोंडाला चव नाही, पोट बिघडलंय. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि रिपोर्ट टायफॉईडचा येतो. तब्येत जास्तच खराब असेल तर पेशंटला अ‍ॅडमिट करतात, हाताला सलाईन लावतात आणि त्यातून एक इंजेक्शन सोडतात. त्या छोट्या बाटलीवर बऱ्याचदा नाव असतं सेफ्ट्रायक्झोन. घरी पाठवलं तर चिठ्ठीवर गोळी असते सेफिक्झीम.

दोन्ही नावांत सेफ आहे. पण हे सुरक्षित या अर्थाचं सेफ नाही. हे सेफ आलंय एका बुरशीच्या नावातून. सेफॅलोस्पोरियम. ग्रीक भाषेत केफाले म्हणजे डोकं. या बुरशीचे बीजाणू काडीच्या टोकाला डोक्यासारखे गोळा होऊन बसतात, म्हणून हे नाव.

आणि ही बुरशी पहिल्यांदा हाती लागली ती कुठल्या मोठ्या लॅबमध्ये नाही, तर इटलीतल्या एका बंदराजवळ, जिथे शहराचं गटार समुद्रात रिकामं व्हायचं तिथे. ती शोधणाऱ्या माणसाचं नाव जुझेप्पे ब्रोत्झू. फ्लेमिंगचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं, ब्रोत्झूंचं नसतं. पण आज जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या अँटीबायोटिक्सच्या यादीत त्यांच्या बुरशीचं घराणं अगदी वरच्या रांगेत आहे.

तर हे ब्रोत्झू कोण?

इटलीच्या नकाशात बुटाच्या डावीकडे एक मोठं बेट दिसतं, ते सार्डिनिया. या बेटावरच्या गिलार्झा नावाच्या गावात २४ जानेवारी १८९५ ला त्यांचा जन्म झाला. पुढे जगभर गाजलेला कम्युनिस्ट विचारवंत अंतोनियो ग्राम्शी याचं बालपणही याच गावात गेलं, तो ब्रोत्झूंपेक्षा चार वर्षांनी मोठा. दोघांच्या वाटा मात्र अगदी वेगळ्या. ग्राम्शी मुसोलिनीच्या तुरुंगात खंगला. ब्रोत्झू डॉक्टर झाले, मुख्य भूमीवरच्या विद्यापीठांत काम करून परत बेटावर आले, काल्यारी शहराच्या विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्याच मुसोलिनीच्या काळात विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू.

सार्डिनिया तेव्हा गरीब होतं. मलेरिया तर इतका की इटलीत त्यासाठी हे बेट बदनाम होतं. ब्रोत्झूंनी बराच काळ मलेरियावर काम केलं. त्यांचा विषय दवाखान्यात बसून औषध लिहून देण्याचा नव्हता. गावाचं पाणी कुठून येतं, घाण कुठे जाते, डास कुठे होतात, माणूस आजारी पडायच्या आधी काय करता येईल, हे बघणं त्यांचं काम.

मग दुसरं महायुद्ध आलं.

१९४३ च्या फेब्रुवारी आणि मे महिन्यात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी काल्यारीवर बॉम्ब टाकले. शहराचा मोठा भाग पडला, लोक गावं गाठू लागले. युद्ध थांबल्यावर ते परत आले तेव्हा घरं मोडलेली, खायची मारामार आणि त्यात टायफॉईड.

टायफॉईडचं गणित सोपं आहे. आजारी माणसाच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतो, पाण्यात किंवा खाण्यात मिसळतो आणि दुसऱ्याच्या पोटात जातो. जिथे गटार आणि पिण्याचं पाणी एकमेकांना भेटतं, तिथे टायफॉईड असतो. आणि त्या वेळी त्यावर औषधच नव्हतं. पेनिसिलिन आलं होतं, त्याचा जगभर गाजावाजा होता, पण टायफॉईडच्या जंतूपुढे ते चालत नव्हतं.

काल्यारीचं सांडपाणी सू सिक्कू नावाच्या भागात समुद्राला मिळायचं. कसलीही प्रक्रिया नाही, सरळ नळीतून समुद्रात. ब्रोत्झू त्या पाण्यावर लक्ष ठेवून होते. गोष्ट अशी सांगितली जाते की शहरातली तरुण पोरं त्याच भागात डुंबायची, तिथलेच शिंपले-कालवं कच्ची खायची आणि तरी हिशोबाने जितकी आजारी पडायला हवीत तितकी पडायची नाहीत. शिवाय नळीतून एवढी घाण पडत असूनही थोड्या अंतरावरचं पाणी आपोआप बऱ्यापैकी स्वच्छ होत होतं.

आता दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर म्हटलं असतं की समुद्र मोठा आहे, घाण पांगते, खारं पाणी जंतू मारतं. त्यात तथ्यही आहे. पण ब्रोत्झूंना वाटलं की एवढ्याने भागत नाही. त्या पाण्यात असं कुणीतरी जिवंत असावं जे टायफॉईडच्या जंतूला वाढू देत नाही.

(वालधुनीत पोहलं की प्रतिकारशक्ती वाढते, असा अर्थ यातून कुणी काढू नये. ब्रोत्झूंनीही काढला नव्हता.)

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. एक सूक्ष्मजीव दुसऱ्याला मारण्यासाठी रसायन सोडतो, हे पेनिसिलिनने दाखवून दिलं होतं. अमेरिकेत सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली मातीतल्या बॅक्टेरियापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं होतं. सगळे माती उकरत होते. ब्रोत्झूंनी गटाराच्या तोंडाचं पाणी उचललं.

१९४५ चा उन्हाळा. नमुने आणायचे, काचेच्या थाळीत जेलीसारख्या आगारवर पसरायचे, काय काय उगवतं ते बघायचं आणि त्यातलं कोण टायफॉईडच्या जंतूला जवळ फिरकू देत नाही ते शोधायचं. पैसे नाहीत, उपकरणं नाहीत, शहर अर्धं पडलेलं. सोबत अंतोनियो स्पानेद्दा नावाचा सहकारी डॉक्टर. जुलैमध्ये त्यांना हवी ती बुरशी मिळाली. सेफॅलोस्पोरियम अ‍ॅक्रेमोनियम. तिच्या आसपास टायफॉईडचा जंतू वाढेना. पटकीचा वाढेना. फोडांमध्ये पू करणारा स्टॅफिलोकोकसही वाढेना.

पेनिसिलिन एका गटाच्या जंतूंवर चालायचं, ही बुरशी दोन्ही गटांवर चालत होती. टायफॉईडच्या शहरात बसलेल्या माणसासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती!

पुढे त्यांनी जे केलं ते आज कुठलीही एथिक्स कमिटी करू देणार नाही. बुरशी वाढवलेल्या द्रवातून जमेल तसा अर्क काढला आणि तो माणसाला झेपतो का हे बघायला आधी स्वतःला टोचून घेतला. मग पेशंटना दिला. ज्यांना फोड किंवा गळू होतं त्यांच्या जखमेतच सोडला, टायफॉईड आणि ब्रुसेला तापाच्या पेशंटना इंजेक्शनने दिला. अर्क अशुद्ध असल्यामुळे काहींना त्यानेच ताप भरायचा. पण पेशंट सुधारत होते.

पुढचं काम मोठं होतं. अर्क शुद्ध करायचा, त्यात नेमकं काय आहे ते ओळखायचं, मोठ्या प्रमाणावर बनवायचं. हे काल्यारीच्या त्या इन्स्टिट्यूटमध्ये होण्यासारखं नव्हतं. ब्रोत्झूंनी इटलीतल्या औषध उद्योगाकडे मदत मागून पाहिली. कुणी रस दाखवला नाही. एका कोपऱ्यातल्या बेटावरचा आरोग्याचा प्राध्यापक गटारातून औषध काढलं म्हणतोय, याच्यावर पैसा कोण लावणार?

शेवटी १९४८ मध्ये त्यांनी आपल्याच इन्स्टिट्यूटच्या नावाने एक छोटी पुस्तिका छापली. इटालियन भाषेत. त्यात सगळं लिहून टाकलं, बुरशी कुठे मिळाली, कशी वाढवली, कुणाला दिली, काय झालं आणि आपल्याला पुढे का जाता येत नाही तेसुद्धा. गुपित ठेवलं नाही. ज्यांच्याकडे साधनं आहेत त्यांनी हे काम पुढे न्यावं, असा त्यामागचा हेतू.

ती पुस्तिका जगात कुणी वाचली असती असं नाही. पण युद्धानंतर सार्डिनियात ब्लाइथ ब्रुक नावाचा एक ब्रिटिश आरोग्य अधिकारी काम करून गेला होता आणि ब्रोत्झूंची त्याच्याशी ओळख होती. ब्रोत्झूंनी त्याला एक प्रत पाठवली. त्याने लंडनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे विचारणा केली आणि तिथून चेंडू गेला ऑक्सफर्डला, हॉवर्ड फ्लोरी यांच्याकडे. पेनिसिलिनला औषधाचं रूप देणारे आणि १९४५ चं नोबेल फ्लेमिंगबरोबर वाटून घेणारे तेच हे फ्लोरी.

फ्लोरींनी बुरशी मागवली, ब्रोत्झूंनी १९४८ मध्येच पाठवून दिली. एक ओळख नसती तर हे घराणं किती वर्षं मागे पडलं असतं, कुणास ठाऊक.

आणि इथे गोष्टीत एक गमतीशीर वळण येतं.

ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली, एडवर्ड एब्रहॅम आणि गाय न्यूटन यांनी बुरशीच्या द्रवाची चिरफाड सुरू केली. त्यात एक नाही, वेगवेगळी अँटीबायोटिक्स निघाली. एकाला नाव दिलं सेफॅलोस्पोरिन पी, ते टायफॉईडच्या कामाचं नव्हतं. दुसरं सेफॅलोस्पोरिन एन. टायफॉईडच्या जंतूला मारणारं हेच होतं, म्हणजे ब्रोत्झूंनी थाळीत जो परिणाम पाहिला तो मुख्यतः याचाच. पण तपासल्यावर कळलं की हे पेनिसिलिनचंच एक भावंड आहे.

म्हणजे इतकं करून हाती पेनिसिलिनच आलं? इथेच काम थांबू शकलं असतं.

पण १९५३ मध्ये एब्रहॅम आणि न्यूटन यांना त्याच मालात अगदी थोड्या प्रमाणात तिसरा पदार्थ दिसला. सेफॅलोस्पोरिन सी. तो जंतू मारण्यात अगदीच कमजोर होता, एरवी कुणी ढुंकून पाहिलं नसतं. त्याच्यात खासियत वेगळीच होती. त्या काळात दवाखान्यांमध्ये पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस पसरू लागले होते. हे जंतू एक एन्झाइम बनवतात, ते पेनिसिलिनच्या रेणूची कडी तोडतं आणि औषध निकामी होतं. हे एन्झाइम एब्रहॅम यांनीच अर्न्स्ट चेन यांच्याबरोबर १९४० मध्ये, म्हणजे पेनिसिलिन बाजारात येण्याच्याही आधी दाखवून दिलं होतं. सेफॅलोस्पोरिन सी पुढे मात्र त्या एन्झाइमचं काही चालेना.

नवा पदार्थ म्हणजे जणू मजबूत सांगाडा असलेलं घर, पण आत सामान काही नाही. सांगाडा तोच ठेवून त्याला वेगवेगळ्या बाजू जोडल्या तर? १९६१ पर्यंत डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी रेणूची रचना पक्की केली. १९६४ मध्ये एली लिली कंपनीचं सेफॅलोथिन बाजारात आलं. मग पिढ्यांमागून पिढ्या निघाल्या, औषधविज्ञानात खरोखरच त्यांना पहिली पिढी, दुसरी पिढी असंच म्हणतात. आपलं सेफ्ट्रायक्झोन आणि सेफिक्झीम तिसऱ्या पिढीतलं.

पेटंट ब्रिटनने घेतली. पेनिसिलिनच्या वेळी ती हातून गेली होती, या वेळी चूक केली नाही. एब्रहॅम यांनी आपल्या वाट्याच्या पैशातून संशोधनासाठी मोठे ट्रस्ट उभे केले.

आणि ब्रोत्झू? ते तोपर्यंत राजकारणात गेले होते. युद्धानंतर ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षातून निवडून येऊन १९५५ ते १९५८ ते सार्डिनिया प्रांताचे अध्यक्ष होते, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद. १९६० पासून १९६७ पर्यंत काल्यारीचे महापौर. ज्या शहराच्या गटारातून त्यांनी औषध शोधलं, त्या शहराच्या गटारांची जबाबदारी त्यांच्याचकडे आली. नोबेल त्यांना मिळालं नाही. ८ एप्रिल १९७६ ला काल्यारीमध्येच ते गेले. तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला आज त्यांचं नाव आहे.

गंमत म्हणजे ज्या टायफॉईडसाठी त्यांनी हा सगळा खटाटोप केला, त्या टायफॉईडला त्यांच्या औषधाची गरज त्यांच्या हयातीत पडलीच नाही. कारण १९४८ मध्येच क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉईडवर लागू पडलं होतं. जगभर तेच वापरलं गेलं, भरपूर आणि स्वस्तात. १९७२ मध्ये केरळच्या कोझिकोडमध्ये क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा टायफॉईड पसरला. मग दुसरी औषधं, तीही हळूहळू निकामी झाली. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, काही वर्षं छान चाललं, त्याचीही धार गेली. तेव्हा डॉक्टरांना आठवण झाली सेफ घराण्याची. ब्रोत्झूंचं औषध टायफॉईडच्या पेशंटपर्यंत असं वळसा घालून आलं.

पण आता त्याचाही नंबर लागलाय.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्ये पाकिस्तानच्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरात असा टायफॉईड सापडला ज्यावर सेफ्ट्रायक्झोनसुद्धा चालत नव्हतं. उल्हासनगरच्या कित्येक सिंधी घरांत आजी-आजोबांच्या तोंडून ज्या हैदराबादच्या गोष्टी ऐकल्या जातात, तेच हे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, हे सगळ्यांना माहिती आहे. तिकडच्या साथीत कारण तेच निघालं, सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होतं. तिथे आता तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी अझिथ्रोमायसिनवरच मुख्य भिस्त आहे.

आपल्याकडे असं काही नाही म्हणून निवांत बसावं, तर तेही नाही. सेफ्ट्रायक्झोनला दाद न देणारा टायफॉईडचा जंतू मुंबईत सापडल्याचं आणि तो टिकून असल्याचं संशोधकांनी शास्त्रीय नियतकालिकात नोंदवलंय. तो पाकिस्तानातल्या जंतूपेक्षा वेगळा आहे, त्याने ही विद्या स्वतंत्रपणे, दुसऱ्या बॅक्टेरियाकडून उचलली. बॅक्टेरिया प्रतिकाराचे जीन एकमेकांना देऊ शकतात आणि असली देवाणघेवाण व्हायला सांडपाण्यासारखी दुसरी जागा नाही. तिथे सगळ्यांच्या पोटातले जंतू एकत्र येतात आणि सगळ्यांच्या गोळ्यांचे अंशही.

अंबरनाथजवळच्या काकोळे भागातल्या डोंगरातून निघणारी वालधुनी प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरमधून जाते आणि कल्याणला खाडीला मिळते. वाटेत वस्त्यांचं सांडपाणी येतं, कारखान्यांचं येतं. या पट्ट्यात केमिकल आणि औषधांचे कारखाने आहेत हेही नवं नाही. कारखान्याच्या पाण्यात अँटीबायोटिकचा अंश किती असावा याची मर्यादा ठरवणारा मसुदा केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० मध्ये काढला होता. २०२१ मध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्यातून त्या मर्यादा गळलेल्या होत्या.

मग नवीन औषध समुद्रातूनच का नाही शोधत?

शोधतायत. ब्रोत्झूंची होती बुरशी, आणि ती मूळची समुद्रातली की नळीतून वाहत आलेली, हे ठामपणे सांगणं कठीण आहे. समुद्राचे स्वतःचे बॅक्टेरिया हा वेगळाच खजिना आहे. १९६६ मध्ये समुद्री बॅक्टेरियापासून ब्रोमीन असलेलं एक अँटीबायोटिक वेगळं केलं गेलं. समुद्राच्या पाण्यात ब्रोमीन भरपूर, म्हणून तिथले जीव ते वापरतात, जमिनीवरचे सहसा नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या संशोधकांना समुद्राच्या गाळात सॅलिनिस्पोरा नावाचे बॅक्टेरिया मिळाले, जे खाऱ्या पाण्याशिवाय वाढतच नाहीत. जपानच्या समुद्रात जवळपास ३०० मीटर खोलीवरच्या गाळातून २००४ मध्ये अ‍ॅबिसोमायसिन मिळालं, ते औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर प्रयोगशाळेत चालतं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथेही समुद्री सूक्ष्मजीवांवर काम होतं.

अडचण पुढे आहे. समुद्रातले बहुतेक बॅक्टेरिया थाळीत वाढायलाच तयार नसतात. वाढले तर मिळणारा पदार्थ चिमूटभर. त्यातून औषध बनलंच तर पेशंट ते आठवडाभर घेणार आणि बरा होणार, आणि नवीन औषध म्हणून डॉक्टर ते जपून वापरणार. कंपनीला त्यात पैसा दिसत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅकाओजेन कंपनीला २०१८ मध्ये नव्या अँटीबायोटिकची मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. ब्रोत्झूंना १९४५ नंतर जे उत्तर मिळालं होतं, त्याच्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

तोवर टायफॉईडला रोखायचा दुसरा रस्ता उल्हासनगरपासून तासाभराच्या अंतरावर वापरून झालाय. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉईडच्या नव्या लसीची मोहीम काढली. सरकारी पातळीवर ही लस वापरणारी ती जगातली पहिली मोहीम होती आणि पहिल्या टप्प्यात नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या एक लाखाहून जास्त मुलांना लस दिली गेली.